सूचना : लँडिंग नेटची (गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायच्या हातजाळीची) लाकडी कडी रविवारी चिकटवणार

शनिवारी साच्यावर वाकवायच्या पट्ट्या आधी तपासून आणा. प्रत्येकी तीन पट्ट्या, लांबी 140 सेंमी, रुंदी 20 मिमी, जाडी 3 मिमी. लाकूड ॲश, न मिळाल्यास तुती चालेल, हॉकी स्टिकसाठी तीच वाकवतात. लाकडाच्या तंतूंची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. ती मध्येच कडेला निसटत असेल, तर पट्टी मुठीजवळच्या उलट्या वळणावर हमखास तडकते. गाठ असलेली पट्टी आणूच नका.

वाफ 15 मिनिटं. वाफेच्या पेटीतून काढल्यावर अर्ध्या मिनिटात साच्यावर बसली पाहिजे, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून ठेवा. वाकवलेल्या पट्ट्या घरी न नेता साच्यावरच राहू द्या. ज्यांच्या पट्ट्या रविवारी ओलसर लागतील, त्यांचं चिकटवणं पुढच्या आठवड्यात. ओल्या लाकडात इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) नीट धरत नाही आणि पट्ट्या पुढे सुटतात.

साच्याच्या कडेला पॅकिंग टेप लावा, नाहीतर कडं साच्यालाच चिकटेल. क्लॅम्प दर 5 सेंमीवर. कडेनं डिंकाचा बारीक मणी बाहेर आला की थांबा. जोर लावून पिळलंत तर सांधा कोरडा पडतो. अक्रोडाची मूठ जिथे कड्यात पाचरीसारखी शिरते, तिथे फट राहू देऊ नका. भुसा-इपॉक्सीचं लिंपण दिसतं आणि टिकतही नाही.

भोकं (2 मिमी, दर 2.5 सेंमीवर) आणि दोरीसाठी बाहेरून खाच त्यानंतर. जाळी रबरी घ्या, गाठींच्या नायलॉननं ट्राउट माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.