व्हिडिओत दाखवलेली म्हैस दिलीच नाही, पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार साहेब,

तुमच्या ॲपवरून मी हरियाणातल्या जींदची मुऱ्हा म्हैस घेतली, दुसऱ्या वेताची, खाली पारडी, दोन्ही टायमाचं मिळून १४ लिटर असं लिहिलेलं, गाडीभाड्यासकट १ लाख ६५ हजार भरले, पावती जोडलीये. पण मोहोळला आमच्या दारात उतरली ती म्हैस वेगळीच आहे.

व्हिडिओ थांबवून बघा, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर दिसतो, तुमच्या हेल्थ सर्टिफिकेटवर पण तोच आहे. आलेल्या म्हशीच्या कानात दुसराच नंबर. आमच्या डॉक्टरांनी तो जनावरांच्या सरकारी नोंदीच्या भारत पशुधन ॲपवर टाकला तर वेत चौथं निघालं, दातही झिजलेत. मग सर्टिफिकेटवरची ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची, टेस्ट केली ती कुठल्या म्हशीची? माझ्या गोठ्यात आधीच्या गाभण म्हशी आहेत, हा रोग आला तर त्या गाभडतील आणि धार काढणाऱ्या माणसालाही लागतो, म्हणून हिला लांब शेडात बांधलीये.

दूध पाच लिटरच्या वर जात नाही. कस्टमर केअरवाले म्हणतात प्रवासाचा ताण आहे. ते आम्हालाही कळतं, एवढ्या लांबनं ट्रकात उभी राहून आल्यावर दूध कमी होणारच, पण मागचा डावा सड दगडीनं (कासेच्या सुजेनं) गेलाय, कडक लागतो, धारच येत नाही, डॉक्टर म्हणाले हे जुनं आहे. पारडी पण तिची नसावी, जवळ आली की लाथ मारते आणि पान्हाच सोडत नाही. त्यावर तुमचा माणूस फोनवर सांगतो ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मारा! दुधासाठी ते मारायला कायद्यानं बंदी आहे, आणि मुक्या जनावराला रोज सुई टोचून मी दूध काढणार नाही.

सांगोल्याच्या बाजारात आम्ही कास दाबून, धार काढून बघितल्याशिवाय व्यवहार करत नाही. लांबनं घेताना ते जमत नाही म्हणून तर तुमच्या तपासणीवर विश्वास ठेवून पैसे टाकले, त्यात सोसायटीचं कर्ज पण आहे आणि त्याचा हप्ता दुधाच्या बिलातनंच जायचा होता.

बदली म्हैस नको. म्हैस आणि पारडी तुमच्या खर्चानं घेऊन जा, भाड्यासकट सगळे पैसे आणि डॉक्टरचं बिल द्या. पंधरा दिवसांत झालं नाही तर सोलापूरच्या ग्राहक आयोगात जाणार, पोटापाण्यासाठी घेतलेल्या जनावराची तक्रार तिथं चालते आणि मी राहतो तिथंच दाखल करता येते.

गाडी पाठवायच्या आधी फोन करा, डॉक्टरांसमोर बिल्ल्याचा फोटो काढून, पैसे खात्यात आल्यावरच दावं सोडणार.

आपला ग्राहक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर