जेवणघराचं कुलूप काढा

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी सुरगाण्याकडचा. कॉलेजसाठी नाशिकला आलो तेव्हा सरकारी आदिवासी वसतिगृहात पहिले आठ दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो. तोंड उघडलं ते पंगतीत. समोर कळवणचा, शेजारी पेठचा, पलीकडे पार नंदुरबारहून आलेला. कुणी कोकणा, कुणी वारली, कुणी भिल्ल. बोली वेगळ्या, वरणाचं पातेलं एक. घरून आलेली नागलीची भाकरी आणि ठेचा तिथेच वाटला जायचा. परीक्षेचे फॉर्म कधी निघाले, जुन्या नोट्स कुणाकडे मिळतील, सगळं ताटावरच कळायचं.

एकदा तापानं खोलीत पडून होतो. भात वाढताना मावशींनी विचारलं, "तो खिडकीपाशी बसणारा पोरगा कुठंय?" दहा मिनिटांत दोघं ताट घेऊन माझ्या खाटेशी हजर.

आपल्या विभागाच्या २०१८ च्या निर्णयानंतर शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांत खाणावळीऐवजी जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यावर येऊ लागले. त्याविरुद्ध पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. माझा धाकटा भाऊ त्यानंतर शिकायला आला. त्याच्या वसतिगृहातल्या जेवणघराला कुलूप, आत मोडक्या खाटांचा ढीग. पैसे उशिरा आले की तो वडापाववर दिवस काढायचा, आले की त्यातले घरी पाठवायचा. जेवलास का, म्हणून विचारणारं कोणी नव्हतं.

राजर्षी शाहू महाराजांनी फीमाफी दिली, शिष्यवृत्त्या दिल्या, तरी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहंही उभी केली. १९२० मध्ये उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसवायला ते नाशिकलाही आले होते. खेड्यातल्या पोराला पैशाबरोबर सोबतही लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

ठेक्याचं जेवण वाईट असायचं, हे मान्य. मीही त्यावर अर्ज केले आहेत. पण आम्ही चांगली भाजी मागितली होती, खाणावळ बंद करा असं कोणी म्हटलं नव्हतं. विद्यार्थ्यांची समिती नेमा. आठवड्याची भाजी तिला ठरवू द्या, तिच्या सहीशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका.

पावसाळ्यात नवे प्रवेश सुरू होतात. त्याआधी त्या खाटा हलवा आणि पंगतीच्या सतरंज्या परत अंथरा.

आपला,
नाशिकच्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी