परड्याकडची भिंत

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, पहिल्या तासाला पोरांना काय सांगू?" मी म्हटलं, जुन्या इमारती जपणं हा तुझा विषय, मी काय सांगणार! फोन ठेवला तर तुझी आई म्हणाली, चाळीस वर्षं लोकांची घरं बांधलीत आणि पोरीनं एकदा विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी? म्हणून लिहायला बसलोय.

पहिल्या तासाला आपल्या परड्याकडच्या भिंतीची गोष्ट सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

तू तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतीस. ती भिंत पावसाळ्यात ओल धरायची. जुनी वीट, भाजणीला जरा कच्ची, चुन्यात बांधलेली. मी नवा नवा ठेकेदार, अंगात जोर. सगळा चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि सिमेंटचा चढवला. आपला म्हातारा गवंडी म्हणाला, "मालक, भिंतीचा जीव कोंडंल." मी हसलो. दोन पावसाळे भिंत आरशासारखी दिसली. पाचव्या वर्षी थापीच्या दांड्यानं ठोकून बघितली तर आतून पोकळ आवाज. एक तुकडा सुटून आला, त्याच्यामागं विटेचा नुसता भुगा.

ओल काही जादूनं जात नाही. चुन्यातून ती बाहेर येते आणि वाऱ्यावर वाळते. मी तिची ती वाट बंद केली. मग ती विटेतच मुरली, वर चढली. पाण्याबरोबर आलेलं मीठ आतल्या आत सुकलं, त्याचे खडे झाले आणि त्या खड्यांनी वीट फोडली. लोणा लागला म्हणतो आपण, जसा काही तो आभाळातून येतो. लोणा मी लावला होता.

चुन्याचं मात्र नीट शिकव. पोरं पुस्तकात बघून लिहितील की त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. पण का घालत, किती घालत, कुठल्या ऋतूत घालत? गुळाच्या गावात राहून मला हे धड सांगता येत नाही, याची लाज वाटते. चुना पाण्यात विरवायचा, रेती घालून दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, मग मुरू द्यायचा, एवढं मला ठाऊक. सिमेंट पाण्यानं घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू परत दगड होतो, त्याला महिने लागतात. ठेकेदाराला बिल मार्चच्या आत काढायचं असतं. चुना हरला तो इथं, ताकदीत नव्हे.

तो म्हातारा गवंडी जाऊन बरीच वर्षं झाली. माल किती दिवस मुरवायचा, बोटाला कसा लागला म्हणजे झाला, हे मी त्याला कधी विचारलंच नाही. तुझ्या पीएच्‌डीत दगडांची मोजमापं असतील तेवढीच अशा माणसांची बोलणी असू देत. आणि गवंड्याला वर्गात बोलावलंस तर प्राध्यापकाला देतात तेवढंच मानधन दे. चहा पाजून पाठवू नकोस.

आपल्या गावात टाऊन हॉल, सीपीआर रुग्णालय, नवा राजवाडा, तिन्हींना मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराचं नाव आहे. राजवाडा १८८४ ला पुरा झाला, मँट त्याआधीच, १८८१ ला गेला. आपलं गणित चुकलंय, इमारती कोसळणार, या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं असं सांगतात. इमारती अजून उभ्या आहेत. पण ते दगड घडवणारे पाथरवट कोण, हे मला आजवर एकाही पाटीवर वाचायला मिळालेलं नाही.

आता केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल. ८ ऑगस्ट २०२४ ची ती आगीची रात्र तुला फोनवर सांगितली होती, परत लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून कट्ट्यावर एकच वाक्य, "जसं होतं तसं उभं करा." मलाही तसंच वाटतं. पण जसं म्हणजे कधीचं? शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलेलं पॅलेस थिएटर, की आम्ही पोरांनी मागच्या रांगेत बसून शिट्ट्या मारल्या ते, की नंतर डागडुजी होऊन खुर्च्या बदललेलं? तू जुन्या वास्तू जपण्याच्या नियमांचं, व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेचं सांगितलं होतंस ना, अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा तुकडा जुन्यात मिसळला तरी जाणत्याला ओळखू यावा. पहिलं पटलं. दुसऱ्यावर कट्ट्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, ठिगळ दिसलं तर ते काम कसलं? मी म्हटलं, अरे, तू नऊवारीला ठिगळ लावत नाहीयेस, उद्याच्या पोराला खरं सांगतोयस. तो काही ऐकला नाही. पोरांना हाच वाद घालू दे, उत्तर सांगू नकोस.

सहल काढलीस तर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात आण. स्वर्गमंडपात उभं राहून सगळे वर, छत गोल उघडं ठेवलंय तिथल्या आभाळाकडं बघतात. तू त्यांना आधी खाली, खांबांच्या बैठकीकडं आणि दगडांच्या सांध्यांकडं बघायला लाव. ४८ खांब आहेत, प्रत्येक पोराला एकेक दिला तरी उरतील.

परड्याकडच्या भिंतीचं सिमेंट मी काढायला घेतलंय. छिन्नी-हातोडीनं, ब्रेकर लावू दिला नाही, वीट उरलीय तेवढी वाचावी म्हणून. गुडघे दुखतात, दिवसाला हातभर होतं. दाराच्या डाव्या अंगाचा पट्टा तसाच ठेवलाय, तुझ्या वर्गातली पोरं दिवाळीनंतर येतील तेव्हा त्यांच्या हातानं काढू देत. चुना विरवून ठेवतो. गूळ किती घालायचा ते तू विचारून ये.

तुझे आबा