आबा, गाडी इकडेच विकतेय

लीड्स, रविवार

ती. आई आणि आबांना सा. नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही मुंबईच्या त्या एजंटचं सांगितलंत तेव्हा मी ड्यूटीवर निघाले होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. पहिलं हे सांगते, बाकीचं सावकाश वाचा: त्याला एक रुपयाही देऊ नका. 'आगाऊ पैसे द्या, पोरीची मोटरसायकल दोंडाईच्यात दारासमोर उतरवून देतो' असं जो म्हणतो, त्याला एकतर नियम माहीत नाहीत, नाहीतर फारच चांगले माहीत आहेत.

माझी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर २०१९ची. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते. मी ती कधी घेतली, किती जपली, याला तिथे कोणी विचारत नाही. सारंगखेड्याच्या जत्रेत विकणारा काहीही सांगो, तुम्ही घोड्याचं तोंड उघडून दात बघता ना? तसं इथे चासी नंबर बघतात. आमचं घोडं तिथेच बाद.

पण तुम्ही म्हणाल, पोरगी एका नियमात हरली. म्हणून पुढचंही लिहिते. समजा गाडी तीन वर्षांच्या आतली असती. तरी वापरलेली वाहनं मुंबईच्याच बंदरात उतरवावी लागतात. इथून निघण्याआधी तपासणीचं प्रमाणपत्र हवं, गाडी अजून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल असं दाखवावं लागतं. हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा हवा, तो इंग्लंडमुळे आहेच. पण स्पीडोमीटर किलोमीटरचा पाहिजे आणि इथले मैलांचे. शिवाय तिकडे उतरल्यावर वाहनं तपासणाऱ्या संस्थेत पुन्हा चाचणी: पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातलं बुधनी. (नगर म्हणजे आपल्या हाताशीच, असं तुमच्या मनात आलंच असेल.)

आणि कर! गाडीची किंमत, त्यात जहाजाचं भाडं, त्यात विमा, या सगळ्या बेरजेवर सीमाशुल्क. मग ते शुल्क धरून जी रक्कम होईल तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. सगळं मिळून कर गाडीच्या किमतीच्याही वर जातो. एवढं करून हातात काय, तर तुमच्या धुळ्याच्या शोरूममध्ये उभी असते तीच गाडी!

खरंच तीच. तुम्ही मित्रांना 'पोरीची विलायती गाडी' म्हणून सांगताय, पण ती बनली चेन्नईजवळ. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५पासून मद्रासला जुळणी सुरू झाली, पुढे इथले कारखाने बंद पडले आणि आता इंग्रज लोक चेन्नईची गाडी विकत घेतात. मला वाटलं होतं, आपल्याच देशात बनलेली गाडी परत आणायला कशाला कर? तर कस्टम कायद्याचं २०वं कलम आहे. माल एकदा देशाबाहेर गेला आणि परत आला, की त्याला परदेशी मालाचेच नियम आणि तेवढाच कर. काही सवलती आहेत, पण मी तर ती इथे दुसऱ्याच्या हातून घेतलेली.

मामांची युक्तीही ऐकली. सुटी करायची, खोक्यांत भरायची आणि स्पेअर पार्ट म्हणून आणायची. मामांना सांगा, जोडून उभी केल्यावर आरटीओ कस्टमचे कागद मागणार. ते नसतील तर आपल्या धुळ्याची एमएच १८ची पाटी लागणार नाही. बिनकागदाची गाडी कोणी पकडून नेली तर जामीन द्यायला मामाच जातील का?

राहिली तुमची आवडती कल्पना, लीड्सहून चालवत यायची. त्यासाठी कार्ने नावाचं पुस्तक मिळतं. हमीची रक्कम भरायची आणि प्रत्येक सीमेवर गाडी आत आल्याचा, बाहेर गेल्याचा शिक्का घ्यायचा. पण त्यावर आलेली गाडी भारतात सहा महिने राहू शकते, नंतर तिला बाहेर न्यावंच लागतं. मी कायमची येतेय आणि गाडी सहा महिन्यांत परत पाठवू? शिवाय आई त्या वाटेवरचे देश ऐकूनच जेवायची बंद होईल.

आधी हे नियम वाचून माझी चिडचिड झाली. आता तितकी नाही. दारं सताड उघडी ठेवली, तर या लोकांना नकोशा झालेल्या गाड्या जहाजं भरभरून आपल्याकडे येतील. फक्त चेन्नईची गाडी चेन्नईला परकी, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

इथे विकणं सोपं आहे. लॉगबुकातला (म्हणजे इथल्या आरसी बुकातला) हिरवा कागद घेणाऱ्याला द्यायचा, वाहन खात्याला ऑनलाइन कळवायचं. रोड टॅक्सचे जे पूर्ण महिने उरलेत त्यांचे पैसे ते आपणहून परत करतात. हॉस्पिटलमधला एक मुलगा गाडी बघून गेलाय.

तिकडे आल्यावर मी नवी घेईन, पण तुमच्यासाठी ही नको. दोनशे किलोंच्या वर वजन आहे तिचं आणि तुमचा गुडघा मला माहीत आहे. त्यापेक्षा गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली आपली जुनी राजदूत मोटरसायकल बाहेर काढा. मला तुम्ही तिच्यावरच शिकवलंत, तेव्हा गल्लीतले लोक ओट्यावर बसून बघायचे. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत कधीच संपली असेल. फिटनेस बघून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, त्यासाठी पंचवीस नंबरचा फॉर्म असतो. एजंटला द्यायचे पैसे तिच्या टायरांना आणि कार्बोरेटरला लावा.

आई, तू मागच्या वेळी आबांच्या हातून फोन घेऊन 'गाडी र्‍हाऊ दे, तू कव्हय येशी ते सांग' म्हणालीस. कानबाईच्या सणाआधी येते. तिकीट काढलं की कळवते. बिबडे आत्ताच पाठवू नकोस, आता इथे खायला मी फार दिवस नाही.

आबा, राजदूतचं आरसी बुक लोखंडी कपाटातल्या विम्याच्या फायलीत असावं. सापडलं की दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. चासी नंबर वाचता आला पाहिजे.

तुमची,
छोटी