चित्र घरी काढले, म्हणून दर घरगुती नसतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

घरबसल्या कलेचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांविषयी सध्या वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येते आणि त्यामागचे कौतुक मनापासूनचे असते, यात शंका नाही. मात्र अशा लेखांत छंद, जिद्द आणि घरच्यांचा पाठिंबा यांना जेवढी जागा मिळते, तेवढी चित्राचा दर, आगाऊ रक्कम आणि छपाईचा हक्क यांना मिळत नाही. माझ्या पाहण्यात बडोद्यातील असे व्यवसाय सुरू होऊन बंद पडले ते हात वळत नव्हता म्हणून नव्हे, तर या बाबी तोंडी राहिल्या म्हणून. मी रावपुऱ्यात राहत्या घरी मागणीनुसार व्यक्तिचित्रे, देवादिकांची चित्रे आणि दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवून देते. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

विकण्यासाठी केलेली कला हलकी, हा समज निदान या गावात तरी टिकायला नको होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही शिक्षणसंस्था उभारली, ती कलाकौशल्यातून उदरनिर्वाह व्हावा या हेतूने. राजा रविवर्मा यांनी राजवाड्यासाठी चित्रे काढली आणि पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी पोहोचवल्या. चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला त्यांना बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवराव यांनी दिला होता. येथील सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये स्थापन झालेल्या ललित कला विद्याशाखेच्या मेळ्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंतानेही खेळणी केली आणि ती विक्रीला ठेवली गेली. अशा गावात ‘हौस म्हणून करता ना, मग पैसे कसले?’ हा प्रश्न अजूनही सहज विचारला जातो.

दराचा हिशेब उदाहरणानेच मांडते. बारा बाय अठरा इंचांच्या व्यक्तिचित्राला कॅनव्हास, रंग, वार्निश आणि ब्रशची झीज धरून ७०० रुपये लागतात असे समजू. रेखाटनापासून शेवटच्या हातापर्यंत १४ तास लागले आणि तासाला १५० रुपये धरले, तर मेहनतान्याचे २,१०० रुपये होतात. बांधणीचे २०० रुपये मिळवले की बेरीज ३,००० होते, आणि त्यात नफा एक रुपयाही नाही. आता ग्राहक ‘ताई, आपल्यातलेच आहोत, १,२०० घ्या’ म्हणाला आणि भिडेपोटी आपण मान डोलावली, तर साहित्य व बांधणी वजा जाता ३०० रुपये उरतात, म्हणजे तासाला साधारण २१ रुपये. हेच गृहस्थ त्या चित्राला चौकट बसवणाऱ्याशी अवाक्षर न बोलता पैसे मोजतात. चित्रापेक्षा चौकट महाग पडल्याची उदाहरणे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. दोष ग्राहकाला देऊन भागणार नाही. तासांची नोंदच न ठेवणाऱ्या चित्रकाराला आपला दर कशावर उभा आहे, हे सांगता येत नाही, आणि जो सांगता येत नाही तो दर पहिल्याच घासाघिशीत कोसळतो. चित्र हाती घेतल्यापासून वहीत वेळ लिहिण्याची सवय कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठवणीच्या खर्चाकडेही नव्या व्यावसायिकांचे दुर्लक्ष होते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. दोन बाय तीन फुटांचा ताणलेला कॅनव्हास कोपरे राखून नीट बांधला, तर खोका सहज १०० बाय ७० बाय १० सेंटिमीटरचा होतो. चित्र तराजूवर तीन किलो भरत असले, तरी आकारणी १४ किलोंची होते. शक्य असेल तेथे कॅनव्हास चौकटीवरून उतरवून, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, जाड नळीभोवती गुंडाळून पाठवावा आणि ग्राहकाने तो आपल्या गावी ताणून घ्यावा. तैलरंग मात्र पुरता वाळल्याशिवाय हा मार्ग धरू नये, आणि पावसाळ्यात तो वाळायला किती वेळ घेतो, हे बडोद्याच्या दमट हवेत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आगाऊ रक्कम मागताना आपल्या बायकांना फार संकोच वाटतो. साहित्याचा संपूर्ण खर्च आणि मेहनतान्याचा काही भाग हातात आल्याखेरीज कॅनव्हास ताणू नये, हा माझा नियम आहे, आणि त्यापायी दुरावलेला ग्राहक मी आजवर परत बोलावलेला नाही. कार्यालये, उपाहारगृहे आणि गृहसजावटकार यांच्याकडून येणाऱ्या मोठ्या कामांत अडचण वेगळी असते. तेथे दर ठरतो, चित्र भिंतीवर चढते आणि बिल मात्र महिनोन्महिने पडून राहते. सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते, ती विनामूल्य आहे, आणि ती करून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. बिलावर नोंदणी क्रमांक आणि ही तरतूद छापलेली असली, की हिशेबनीस ते बाजूला टाकण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची आहे. चित्र काढणारा हाच त्याच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास तो हक्क काढवून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे एखाद्या संस्थेने गणपतीचे चित्र मागवले आणि पुढे ते दिनदर्शिकेवर, पिशव्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर छापले, तर चित्रकाराला त्याबद्दल पैसे मागता येत नाहीत. कलम ५७ प्रमाणे आपले नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा विकृतीला हरकत घेण्याचा हक्क तेवढा राहतो. ‘छपाईचा हक्क चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य मागणी घेताना लिहून घेतले असते, तर हा हक्क चित्रकाराकडेच राहिला असता. हाच कायदा आपल्यालाही बांधतो. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या चित्रांवरील प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे त्यांची लक्ष्मी किंवा सरस्वती पाहून कोणीही चित्र काढावे. मोबाइलवर सापडलेले हयात चित्रकाराचे काम जसेच्या तसे उतरवून विकणे मात्र गैर आहे, आणि ते आपल्यातही चालते.

कराबाबत थोडक्यात. गुजरातमध्ये राज्यांतर्गत मालविक्रीला वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकता येतो, पण आपल्याच राज्यात. बडोद्याच्या मराठी चित्रकाराचा ग्राहक तर पुण्यात, ठाण्यात आणि मुंबईत असतो. थेट परराज्यात पाठवलेल्या हस्तकलेच्या अधिसूचित वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का, हे करसल्लागाराला आधीच विचारावे. सरकारी मदतीचे म्हणाल, तर पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहेत, खेळणी करणारे आहेत, चित्रकार मात्र नाहीत.

आपल्या पत्राद्वारे शहरातील मराठी मंडळांना एक विनंती करायची आहे. गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या प्रदर्शनांत ही मंडळे आम्हांला टेबल देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याबरोबरच त्यांनी मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत एका पानाचे मागणीपत्र छापून घ्यावे. चित्राचा आकार, माध्यम, एकूण दर, आगाऊ रक्कम, किती वेळा फेरफार विनामूल्य, देण्याची तारीख, पाठवणीचा खर्च कोणाचा आणि छपाईचा हक्क कोणाकडे, एवढे रकाने त्यात पुरेत. मंडळाच्या नावाने छापलेला कागद पुढे केला, की ओळखीच्या माणसाकडून सही घेताना चित्रकाराला अवघडल्यासारखे होत नाही. आणि मंडळांनी स्वतः मानचिन्हे, पार्श्वपडदे किंवा व्यासपीठाची सजावट आमच्याकडून करून घेताना हाच कागद आधी भरावा. ‘तुमची जाहिरात होईल’ हा मोबदल्याचा रकाना त्यात ठेवू नये.

आपली विश्वासू,
एक चित्रकार वाचक
रावपुरा, बडोदे