निनावी डिस्क आणि काकांचा मायक्रोमीटर

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम उघडं लिहितोय. पुण्याच्या नाना पेठेत साध्या प्लास्टिकच्या पिशवीतली, नावगाव नसलेली मोटरसायकलची ब्रेक डिस्क हातात घेऊन "घेऊ की नको" करत उभे राहणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामी यावं म्हणून. टूलरूममधून निवृत्त झाल्यावरही तुम्ही रविवारी सकाळी जाडी मोजणारा मायक्रोमीटर आणि डिस्क फिरताना किती हलते ते दाखवणारा डायल गेज घेऊन बसता, येईल त्याची डिस्क मोजता आणि चहापलीकडे काही घेत नाही. त्याबद्दल मनापासून आभार. नुसते आभार मानले तर "ते राहू द्या, शिकलात काय ते सांगा" असंच म्हणाल, म्हणून तेच लिहितो.

तुमचा पहिला प्रश्न नेहमी एकच: डिस्कच खराब आहे हे ठरवलं कुणी? ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना धडधड देतो आणि लगेच "डिस्क बेंड झाली" असा निकाल लागतो. प्रत्यक्षात हँडलला ठोका बसत असेल तर आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) बघायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग. आणि सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार असतात कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून पॅडनी चिमटणाऱ्या भागाच्या) पिना. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर या पिनांवर सरकतो. पिना गंजून अडकल्या की एकच पॅड घासतो आणि डिस्कची थोडीशी लहरही (फिरताना डावी-उजवीकडे हलणं) लिव्हरपर्यंत येते. पिना काढून पुसायच्या, रबरी बूट फाटलेत का बघायचे, सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. निम्म्या लोकांचं काम इथेच होऊन जातं आणि ते डिस्क न घेताच घरी जातात.

जाडीचं तर तुम्ही डोक्यात ठोकूनच बसवलंय. मूळ डिस्कवर 'मिन टीएच' असं कोरलेलं असतं, म्हणजे किमान जाडी. 125-150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांची पुढची डिस्क नवी असताना 4 मिमीच्या आसपास असते आणि 3.5 मिमीला तिचं आयुष्य संपतं. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा! तो व्हर्नियरनं मोजला तर फसगत होते, कारण कडेला न घासलेली किनार उरते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि गेलेली डिस्कही धडधाकट दिसते. मायक्रोमीटर आत, पॅड घासतो त्या पट्ट्यावर लावायचा, एका जागी नव्हे तर गोल फिरवत आठ जागी. या आठ आकड्यांत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी लिव्हर धडधडू लागतो. लेथवर फेस मारून (पृष्ठभाग कापून सपाट करून) आणण्याचा सल्ला देणाऱ्यांना तुम्ही का हाकलता, तेही यातूनच कळलं. पातळ डिस्क चकमध्ये (लेथच्या पकडीत) आवळताना वाकते, त्याच अवस्थेत कापली जाते, सुटल्यावर पुन्हा वाकडी होते आणि वर जाडीही जाते.

आता निनावी डिस्कच्या धातूबद्दल. मोटरसायकलची डिस्क बहुधा 410 जातीच्या, म्हणजे पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) कठीण करता येणाऱ्या स्टेनलेसची असते. कठिणता रॉकवेल सी मापावर (एचआरसी) साधारण 32 ते 38. स्वस्तातला माल दोन प्रकारे फसवतो. एक, भांड्यांच्या 304 स्टेनलेसचा पत्रा: चकाचक, गंजत नाही, पण मऊ आणि गरम झाल्यावर जास्त फुगणारा. दोन, चक्क माइल्ड स्टील, वरून पॉलिश मारलेलं. 304 ला लोहचुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे पहिली फसवणूक दुकानातच उघडी पडते. माइल्ड स्टीलला मात्र चुंबक खुशाल चिकटतो. तिथे तुमची दुसरी परीक्षा: जुनी मूळ डिस्क शेजारी ठेवायची आणि दोन्हींच्या आतल्या कडेवर, पॅड लागत नाही तिथे, एकाच कानशीनं एकसारखा हात मारायचा. कानस दोन्हींना कापते, पण मूळ डिस्कवर ती घसरल्यासारखी होते आणि माइल्ड स्टीलमध्ये लोण्यात गेल्यासारखी शिरते. मिठाच्या पाण्याचा थेंब रात्रभर ठेवला तर सकाळी नारंगी गंज साक्ष देतो. कानस लावलेली डिस्क दुकानदार परत घेत नाही, हे तेवढं आधी लक्षात ठेवावं.

भोकांवरून नख फिरवायला तुम्ही शिकवलंत, ते आता सवयीचं झालंय. चांगल्या डिस्कच्या प्रत्येक भोकाची कड उतरवलेली असते. धारदार कड पॅड किसते, आणि तापणं-निवणं चालू असताना चीर पडते ती तिथूनच. एका बाजूला बर (कापल्यावर उरलेली खरखरीत किनार) आणि दुसरी बाजू गुळगुळीत असेल तर पंच मारून पुढचं काम सोडून दिलंय असं समजायचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गेजवर दिसत नाही, आणि आमच्या मते तुमच्या शिकवणीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. पाणी दिल्यावर डिस्क फिक्स्चरमध्ये (पकडीत) दाबून टेंपर करावी, म्हणजे पुन्हा बेतानं तापवावी लागते, नाहीतर आत ताण राहतो. पैसे वाचवायचे तर हीच पायरी गाळली जाते. अशी डिस्क काचेवर सपाट बसते, डायल गेजवर पास होते आणि पहिल्यांदा नीट तापली की आतला ताण सुटून वाकते. ती तापते तरी किती? गाडी आणि स्वार मिळून 220 किलो धरले, तर ताशी 80 किमीच्या वेगावरून थांबताना साधारण 54 किलोजूल उष्णता तयार होते. यातला मोठा वाटा पुढच्या ब्रेककडे जातो आणि किलोभराची डिस्क एका थांब्यात शंभरेक अंशांनी चढते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना उतार हजार मीटरहून जास्त. तेवढ्या उंचीची ऊर्जा म्हणजे 80 वरून सुमारे चाळीस वेळा थांबणं! त्यातली बरीचशी वारा आणि इंजिन खातं, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याच्या गाडीत. न्यूट्रलवर पेट्रोल वाचवत उतरणाऱ्याच्या गाडीत ती बहुतांशी ब्रेकमध्येच जाते.

म्हणून तुमचा निकाल आम्ही जसाच्या तसा मान्य केलाय: पुढच्या चाकाला निनावी डिस्क नाही. नाव, पत्ता आणि पार्ट नंबर असलेली आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीची नसलेली) डिस्क मूळ डिस्कपेक्षा बरीच स्वस्त मिळते, ती खुशाल घ्यावी. पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष छापणं 2011 च्या वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे. खोक्यावर यातलं काहीच नसेल आणि दुकानदार जीएसटीचं बिलही टाळत असेल, तर उद्या तक्रार कुणाविरुद्ध करणार? मागच्या चाकाला, सगळ्या परीक्षा पास झाल्या तर, तुम्ही कुरकुरत का होईना, हो म्हणता.

बसवण्याच्या बाबतीत तुमचा आग्रह हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बैठकीवर, म्हणजे डिस्क टेकते त्या जागेवर. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिमी आणि डिस्क 240 ची असेल, तर एका बाजूला अडकलेला 0.05 मिमीचा गंजाचा कण कडेला 0.12 मिमीची लहर देतो. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कमाल लहर 0.3 मिमी दिलेली असते, काहींत 0.15 किंवा त्याहूनही कमी. लहर सुरुवातीला जाणवत नाही, कारण कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो. पण दर फेऱ्याला पॅड त्याच जागी घासतो, ती जागा पातळ होते आणि काही महिन्यांनी धडधड सुरू होते. मग शिव्या पॅडला. तेव्हा वायर ब्रशनं बैठक साफ करायची, मधलं भोक हबवर खेळ न करता बसतंय का बघायचं. एबीएस असेल तर सेन्सरची रिंग आणि सेन्सर यांतली फट फीलर गेजनं (पातळ पात्यांच्या मापानं) जुन्या डिस्कसह आधी आणि नवीसह नंतर मोजायची. बैठकीची जाडी वेगळी असली की दिवा लागतो.

जुने बोल्ट हीट गनची ऊब देऊन सोडवायचे, नाहीतर अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातलं सहा कोनांचं भोक गोल होतं. नवे बोल्ट, निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक), आवळायचे समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत. एम8 बोल्टला टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीगाडीप्रमाणे बदलतो, त्यामुळे आकडा मॅन्युअलमधलाच. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं उतरवायचं; तेलाचा हात पॅडला लागला तर पॅडही गेला. पॅड नवेच, कारण जुन्यांवर जुन्या डिस्कचे चर असतात. कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना ब्रेकच्या टाकीतलं ब्रेक ऑइल वर येऊन रंगावर सांडतं, तेव्हा आधी थोडं काढून घ्यायचं. आणि गाडी स्टँडवरून काढण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत मारायचा. हे विसरलेल्याला पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून रिकामा रस्ता, ताशी 40 किमीवरून 10 पर्यंत दहा-बारा वेळा ब्रेक, मध्ये अर्धा किलोमीटर निवू द्यायचं आणि तापलेल्या ब्रेकवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा उमटतो. 200 किलोमीटरनंतर पुन्हा डायल गेज. लपलेला ताण तेव्हा बाहेर येतो.

हो, तुमचा डायल गेज आमच्याकडेच आहे. पुढच्या शॉकअपचा खालचा पाय अ‍ॅल्युमिनियमचा असल्यानं मॅग्नेटिक बेस धरत नाही, म्हणून मडगार्डच्या बोल्टला लावायला तुम्ही दिलेली लोखंडी पट्टीही आहे. तिचं एक भोक आम्ही एम6 वरून एम8 केलंय, न विचारता. रविवारी दोन्ही घेऊन येतो.

आपले,
रविवारी तुमच्या दारात गाड्या लावणारे आम्ही सगळे