वॉशिंग्टनच्या मोर्चातल्या अनोळखी माणसांनो, खूप खूप आभार

शनिवारी २४ मार्च २०१८ ला लेकीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन मार्च फॉर अवर लाइव्हज या विद्यार्थ्यांनी बंदुकीच्या हिंसाचाराविरुद्ध काढलेल्या मोर्चाला गेलो होतो, नावं कुणाचीच विचारली नाहीत म्हणून इथेच लिहितोय.

मेट्रोतून बाहेर पडताना एवढी चेंगराचेंगरी की एक मुलगी मागेच राहिली, तेव्हा एका काकांनी तिला आमच्या हाका ऐकू येईपर्यंत भिंतीशी उभं केलं आणि स्वतः पुढे उभे राहून गर्दी अडवली, काका तुम्हाला दंडवत! पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात गारठा, तर एका आजींनी स्वतःचे हातमोजे काढून लेकीला दिले कारण पुठ्ठ्याचा बोर्ड धरून तिची बोटं लाल झाली होती. आजी, हातमोजे आमच्याकडेच राहिले हो.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारीला झालेल्या गोळीबारात १७ जण गेले, तेव्हापासून शाळेत लॉकडाऊन ड्रिल (हल्लेखोर आला तर वर्गात दडून बसायचा सराव) असली की आमची लेक दिवसभर फोन हातातून सोडत नाही. त्या गोळीबारातून वाचलेली विद्यार्थिनी एमा गोंझालेझ स्टेजवर बोलता बोलता गप्प झाली तेव्हा माझा बांध फुटला, शेजारच्या ताईंनी न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. पोरं वोटिंगबद्दल बोलतायत आणि आपण मोठी माणसं 'अभ्यास कर' म्हणतोय, काय बोलायचं!

आणि आमचं मराठी ऐकून डब्यातल्या दशम्या देणारे दादा-वहिनी, चारही पोरींनी दोन मिनिटांत फस्त केल्या, तुम्हाला एकही उरली नाही त्याबद्दल सॉरी.